लाखनीला गाडी पाहायला

चंद्रभान सोनकुसऱ्यांनी जन्मात दोनच गोष्टी स्वतः पाहून पसंत केल्या होत्या. एक हातमाग आणि दुसऱ्या शोभाताई. शोभाताईंच्या मते दुसऱ्या वेळी त्यांनी मान वर केलीच नव्हती, समोरच्या पोह्यांकडे पाहत बसले होते, म्हणून ती पसंती मोजायची नाही. अशा माणसाला गाडीतलं काय कळणार? पण लेकीनं, "बाबा, उद्या माह्यासंगं लाखनीले चला, गाडी पाहाची आहे," म्हटलं आणि हे गृहस्थ सकाळी सहालाच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ओसरीत बसले.

"नवरदेवाच्या बापावानी बसले," शोभाताई म्हणाल्या.

चंद्रभान हसले, पण वरवर. रात्रभर त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ही मले कायले घेऊन जाते?

रुचिका त्यांची एकुलती एक. नागपूरला कापडाच्या डिझाइनचं शिकली आणि सगळ्यांनी पुण्या-मुंबईकडे बोट दाखवलेलं असताना सरळ पवनीला परत आली. बापाच्या मागावर करवतकाठी कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या निघत होत्या, पण घेणारं कोणी उरलं नव्हतं. पोरीनं चार वर्षांत गिऱ्हाइकं शोधली, बंद पडलेले माग सुरू केले, आणि आता आठ घरांची चूल तिच्या ऑर्डरवर पेटत होती. सध्या नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलाशी बोलणं चाललं होतं. तिथल्या रिसेप्शनवरच्या सगळ्या मुलींना कोशाच्या साड्या हव्या होत्या. येत्या गुरुवारी शेवटची बैठक होती. आणि त्याआधी रुचिकाला गाडी पाहिजे होती. साधी नाही, लांबलचक, भारी, साहेब लोकांची असते तशी. नवी परवडणारी नव्हती, म्हणून जुनी.

"आपली व्हॅन काय वाईट हाय?" शोभाताईंनी विचारलं होतं.

"आई, लोक पयले गाडी पाहते. आपण काय आणलं ते मंग पाहते," एवढंच बोलून रुचिका मोबाइलवर गाड्यांचे फोटो सरकवत राहिली होती.

गाडीचं खूळ कुठून आलं ते चंद्रभानांना ठाऊक होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं. तीन आठवड्यांपूर्वी बापलेक साड्यांचे नमुने घेऊन त्या हॉटेलात गेले होते. गेटवर गार्डनं व्हॅन अडवली. रुचिकानं नाव सांगितलं, कोणाला भेटायचं ते सांगितलं. गार्डनं यादी पाहिली, मान डोलावली, आणि गठ्ठा मांडीवर घेऊन बसलेल्या चंद्रभानांकडे बोट करून विचारलं, "ये कौन हैं?"

"सामान लेके आए हैं," रुचिका म्हणाली.

"तो इनको पीछे के गेट से भेजिए."

चंद्रभान गठ्ठा घेऊन मागच्या गेटला गेले. तिथं भाजीच्या टोपल्या उतरत होत्या. नमुने वर गेले आणि ते दीड तास एका पालथ्या क्रेटवर बसून राहिले. स्वयंपाकघरातल्या एकानं त्यांना चहा दिला, तो चांगला होता. गार्डचा त्यांना राग आला नाही. त्याची नोकरीच ती. पण लेकीचे ते चार शब्द त्यांच्या काळजात रुतून बसले. ते त्यांनी शोभाताईंनाही सांगितले नाहीत. परत येताना रुचिका उमरेडपर्यंत एक शब्द बोलली नव्हती, आणि बोलली तेव्हा, "पुढच्या वेळी आपुन असं नाही याचं," एवढंच म्हणाली. त्यानंतर आठवड्याभरातच गाड्यांचे फोटो सुरू झाले. आता याचा अर्थ काय लावायचा? पोरीला आपली लाज वाटते, आणि नव्या गाडीत आपल्याला जागा नाही, असाच त्यांनी लावला. विचारायची हिंमत नव्हती. ती हो म्हणाली तर काय, हा खरा प्रश्न होता.

लाखनीला महामार्गाच्या कडेला धनंजयचं जुन्या गाड्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढं मोकळी जागा. समोरून ट्रक धडाडत जात होते आणि धनंजयचा एक माणूस दिवसभर गाड्यांवरची धूळ पुसत होता. धनंजय तिशीतला, बोलका, गोड माणूस. त्यानं रुचिकाला मॅडम म्हटलं, चंद्रभानांना काका म्हटलं, दोघांना चहा दिला आणि एका काळ्याकुळकुळीत गाडीपुढं नेऊन उभं केलं.

"मॅडम, हे पाहा. सहा वर्षांची हाय, पन हातात घेतली का नवी वाटते. एक डॉक्टर चालवत होते. हे गाडी घेऊन तुमी कुठंबी जा, उभ्याउभ्या काम होते तुमचं."

गाडी होतीच तशी. परदेशी कंपनीची, चापूनचोपून बसलेली, आत फिक्या रंगाच्या कातडी सीट. रुचिकानं बॉनेट उघडायला लावलं, कागद पाहिले, इंजिन सुरू करून कान दिला. गेले दोन आठवडे ती याचाच अभ्यास करत होती. चंद्रभान संकोचानं पुढच्या सीटवर बसले. काय पाहावं ते कळेना. मग त्यांचं लक्ष सीटच्या पट्ट्याकडे गेलं आणि माणूस हरखला. काय विणलं होतं! धागा किती घट्ट, तिरपी वीण किती एकसारखी, आणि दोन्ही काठ सुरीनं कापल्यासारखे सरळ. व्हॅनमधल्या पट्ट्याकडे त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्यांनी पट्टा बोटांत धरला आणि हळूहळू ओढायला लागले. कापड घडीच्या वरून पाहायचं नाही, आतून पाहायचं, ही चाळीस वर्षांची सवय. हात, दोन हात, अडीच हात पट्टा बाहेर आला.

"काका, तो बेल्ट हाय. कापड नोये," धनंजय हसत म्हणाला.

"बाबा, राहू द्या ना," रुचिका म्हणाली. तिचा आवाज जरासा चढला होता.

चंद्रभानांनी पट्टा सोडला नाही. शेवटची वीतभर पट्टी बाहेर आली होती आणि तिथं वीण बदलली होती. वीण नव्हे, रंग. एक वेडीवाकडी, पिवळट रेघ. बोट फिरवलं तर खरखर लागली. ती रेघ त्यांच्या ओळखीची होती. वैनगंगा घरात शिरली त्या वर्षी त्यांच्या मागाच्या खड्ड्यात तीन दिवस पाणी उभं होतं. ओसरल्यावर मागावरच्या ताण्याला, उभ्या धाग्यांना, अशीच रेघ राहिली. धुतली, घासली, शेवटी सगळा ताणा कापून टाकावा लागला. पुराचं पाणी जिथपर्यंत चढतं तिथं सही करून जातं.

आता बोलावं की नाही? रुचिकानं पर्समधून बयाण्यासाठी चेकबुक काढलं होतं. धनंजय तिला मॅडम मॅडम म्हणत होता आणि त्याच्यासमोर बापानं तोंड उघडायचं म्हणजे पोरीला आणखी खाली पाहायला लावायचं. सामान घेऊन येणाऱ्या माणसानं गाडीतलं बोलू नये. त्यांनी रेघेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग त्यांना वाटलं, लाज वाटली तर वाटू दे, पण फसू नये पोरगी.

"रुची," ते हळूच म्हणाले, "या गाडीत पानी शिरलं होतं. पुराचं. सीटच्या वरतपर्यंत."

धनंजय काहीतरी बोलायला लागला. चंद्रभानांनी मान खाली घातली. आता लेक म्हणणार, बाबा तुमाले काय समजते. पण रुचिकानं चेकबुक पर्समध्ये टाकलं, गाडीला वळसा घालून आली, रेघ पाहिली, बोटानं चाचपली, आणि बाकीचे पट्टे स्वतः ओढले. प्रत्येकाच्या टोकाला तीच रेघ.

"मॅडम, कपडा हाय, कशाचाबी डाग लागते," धनंजय म्हणाला.

"माहे बाबा पानी म्हनून राहिले ना, तं पानीच हाय," रुचिका म्हणाली. "धाग्यातलं त्याइले समजते."

चंद्रभानांनी मान वर केली. किती दिवसांनी ती त्यांच्या बाजूनं अशी भांडली होती! त्यांना इतकं बरं वाटलं की धनंजयची दया यायला लागली. धनंजयही मुळात वाईट नव्हता. त्यानं खाली वाकून गाडीतला गालिचा उचकटला, आतली माती पाहिली आणि डोक्याला हात लावला. गाडी त्यानंही लिलावात घेतली होती, फोटोवरून. "मलेच चुना लावला, काका," तो म्हणाला, आणि चहा पुन्हा मागवला.

शेडच्या कडेला एक गडद निळी गाडी उभी होती. तीही तशीच लांब आणि भारी, पण नऊ वर्षांची. मागच्या दाराला जरासा ओरखडा होता. भंडाऱ्याच्या एका वकीलबाईंची, त्या आता लेकाकडे राहायला गेल्या म्हणून विकायला ठेवलेली. चंद्रभानांनी कोणी सांगायच्या आत चारही पट्टे टोकापर्यंत ओढून पाहिले. या वेळी कोणी हसलं नाही. रुचिकानं इंजिन ऐकलं आणि चावी मागितली.

"मागं बसा, बाबा," ती म्हणाली.

चंद्रभानांच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. पुढं नको, मागं. पण ते बसले. गाडी साकोलीच्या अंगानं निघाली. आत ट्रकचा आवाजसुद्धा येत नव्हता. पाच-सहा किलोमीटरवर रुचिकानं गाडी एका आडरस्त्याला घातली आणि शेतातल्या धानाच्या बांधीजवळ थांबवली. इंजिन बंद केलं. स्टिअरिंग मात्र सोडलं नाही.

"कसं वाटते मागं?"

"चांगलं हाय. पाय लांब करता येते."

"गुरुवारी असंच बसाचं. गेटवर दार तुमी नाही उघडाचं. मी पन नाही उघडनार. त्या गार्डनं उघडाचं."

"गुरुवारी मी कायले येऊ? तू हाय ना."

"कायले म्हंजे?" ती वळली नाही. समोरच्या काचेकडे पाहत बोलत होती. "बाबा, हे सारं तुमच्यासाठीच करून राहिली मी. त्या दिवशी गेटवर... त्यानं विचारलं, हे कोन म्हून. मी नाही सांगतलं माहे बाबा हाय. मी म्हटलं, सामान घेऊन आले. मले भेव वाटलं. वाटलं, घरचं मानूस संगं आनलं म्हटलं तं मले कच्ची समजन, वर पाठवनार नाही. एका मिन्टाची गोष्ट होती, तोंडातून निघून गेली. अन् तुमी गठ्ठा घेऊन चालले गेले, काहीच नाही बोलले. तवापासून तुमच्यासमोर घास नाही उतरत मले. मंग वाटलं, चांगली गाडी असली तं कोनी विचारनारच नाही."

ती रडत होती. आवाज न करता, लहानपणी रडायची तशी, फक्त खांदे हलत होते. चंद्रभान तिच्या पाठीकडे पाहत राहिले. तीन आठवडे आपण हिच्याबद्दल काय काय मनात आणलं, याचीच त्यांना आता लाज वाटली. पोर बापाला गाडीतून उतरवत नव्हती, पुन्हा बसवायला निघाली होती, आणि ते करताना एकटीच कुढत होती.

"कधी म्हटलं तू असं?" ते म्हणाले. "मले तं काही आयकू नाही आलं."

"खरंच?"

"तिथं जनरेटर चालू होता ना."

जनरेटर नव्हता. आणि शेजारच्या खोलीत तीन माग खडखडत असताना कुठल्या मागावर धागा तुटला हे बसल्या जागेवरून सांगणारा हा माणूस, पवनीत कोणालाही विचारा. रुचिकाला तर विचारायलाच नको. बापाला ऐकू न जाता तिला लहानपणी लाडवाचा डबा एकदाही उघडता आला नव्हता. ती आता मागं वळली. चंद्रभान मोठ्या कुतूहलानं बाहेरचं धान पाहत होते.

"बहुत मोठा जनरेटर होता," ते म्हणाले.

रुचिका रडता रडता हसली. मग दार उघडून उतरली, मागं येऊन त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर डोकं ठेवलं. चंद्रभानांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. कोशाच्या धाग्यानं चरे पडलेली त्यांची बोटं तिच्या केसांत अडकत होती, पण तिनं डोकं काढलं नाही. पुढं स्टिअरिंगपाशी कोणीच नव्हतं.

बराच वेळ झाला तसा रुचिकाचा फोन वाजायला लागला. धनंजय होता. गाडी नेली ती नेलीच, म्हणून बिचारा घाबरला असणार. रुचिकाला बोलवेना, म्हणून फोन चंद्रभानांनी घेतला.

"हॅलो, मॅडम?"

"मॅडम नोये," ते म्हणाले, "रुचिकाचा बाप बोलून राहिलो. गाडी घेतो आमी. पन वापस याले थोडा टाइम लागन."