पासवर्डचं वाण

टीव्हीखाली धूळ खात बसलेला सेट-टॉप बॉक्स बोलतोय. लपवाछपवी कशाला, मी जळतो. टीव्हीच्या पाठीत खोचलेल्या त्या बोटभर स्टिकवर जळतो.

सहा वर्षांपूर्वी आर. के. पुरमच्या या सरकारी क्वार्टरमध्ये आलो. माझं काम साधं. वायरीतून साऱ्या कॉलनीत एकच कार्यक्रम एकाच वेळी येतो, पण कुलूपबंद. ज्यानं पैसे भरले, त्याच्याच डब्याला किल्ली मिळते. मी इमानेइतबारे कुलपं उघडली. दिल्लीत कौशल्याआजींच्या कानावर रोज मराठी पडत होतं ते माझ्यामुळे!

मग इंटरनेटवरून कार्यक्रम दाखवणारी ही स्टिक आली आणि आजींच्या सुनेनं, सुनेत्रानं, माझा मराठी पॅक बंद केला. तेवढ्यावर भागलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं वाण काय द्यावं? स्टिकवरच्या ॲपचा पासवर्ड! चिठ्ठीवर लिहून, तिळगुळासोबत. बायका खूश. माझी किल्ली अशी कधी कुणी वाटली नाही.

परवा आजींची नात अपूर्वा पुण्याच्या गाण्याच्या स्पर्धेत अंतिम फेरीत गाणार होती. थेट प्रक्षेपण. आजी नवी साडी नेसून टीव्हीसमोर बसल्या, आणि ॲप म्हणालं, चार स्क्रीन भरल्या, पाचवी मिळणार नाही. वाण घेतलेल्या बायकांनी आधीच जागा धरल्या होत्या! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"अगं, जुन्या डब्यावर लाव ना," आजी काकुळतीला आल्या.

सुनेत्रानं मला चालू केलं. कार्यक्रम माझ्या पोटात येत होता, पण किल्ली कुठे होती? 'ही वाहिनी आपल्या पॅकमध्ये नाही,' एवढंच मला दाखवता आलं. आजींनी मान खाली घातली.

सुनेत्रानं शेजारच्या ब्लॉकमधल्या मैत्रिणीला फोन लावला. "यार अहिल्या, ॲपमधून जरा बाहेर पड ना. आता अपूर्वाचाच नंबर आहे, आई ताटकळल्यात."

"अच्छा! मग मी एकटी कशाला बघू? तिकडेच येते."

स्टिकवर कार्यक्रम सुरू झाला. पाच मिनिटांत अहिल्या आणखी दोघींना घेऊन हजर. अपूर्वा गायली, आजी रडल्या, साऱ्याजणी त्यांना बिलगल्या. सहा वर्षांत माझ्यासाठी कुणी कुणाला अशी जागा करून दिली नव्हती. माझा नुसता तिळपापड झाला.

उद्या कंपनीचा माणूस मला परत न्यायला येणार आहे. तेवढा एक निरोप आजींना द्या. अपूर्वाचं गाणं माझ्याकडेही आलं होतं, पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत. फक्त किल्लीवाचून मला ते ऐकवता आलं नाही.