खरं बोललेलं वाक्य

बाबांच्या कोशाचा एक नियम आहे. उदाहरणाचं वाक्य मनाने रचायचं नाही. कुणीतरी कुणाला तरी खरोखर म्हटलेलंच हवं. वाक्य लिहून झालं की मोठ्याने वाचायचं आणि विचारायचं, "खरं?" मगच ते कोशात. या हट्टापायी इंग्रजी शब्दांचा हा कोश वर्षानुवर्षं रखडलाय, आणि मी, त्यांची एकुलती लेक, त्याला जुंपलेली. त्यांची नजर अधू झाल्यापासून वाचायचंही मीच, लिहायचंही मीच.

त्या सकाळी नेमका 'लीव्ह' हा शब्द निघाला. दुसऱ्या शहरातल्या छापखान्यात मला नोकरी मिळाली होती. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता, आणि बाबांना अजून पत्ताच नव्हता. मी तीनदा उठले. खिडकी उघडली, लावली, टोक असलेल्या पेन्सिलीलाच पुन्हा टोक काढलं.

"भिंगरी, बूड टेक जरा," बाबा म्हणाले. "वाच."

"निघून जाणे. सोडणे. मागे ठेवणे." मी बोटाने पुढची ओळ धरली. "मूळ अर्थ, मागे राहू देणे, शिल्लक ठेवणे."

"बघ गंमत! शब्द जाणाऱ्याचा, आणि मूळ राहणाऱ्याचं." बाबा खूश. एखाद्या शब्दाचं मूळ सापडलं की या माणसाला ना भूक लागते, ना समोरचं माणूस दिसतं. "हं, आता उदाहरण. खरं हं!"

मला असा राग आला! त्यांचा, माझा, त्या मेल्या शब्दाचा. किती दिवस तोंड शिवून बसायचं?

"बाबा, मी सोमवारी जातेय. दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय मला."

बाबा चष्मा पुसत राहिले. आधीच स्वच्छ होता तो.

"खरं?"

"खरं."

"मग लिही की."

लिहिलं.

"आता राहणाऱ्याचं एक घे." त्यांनी घसा खाकरला. "तू जा, माझं काही अडणार नाही."

तेही लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. आता पुढचं विचारणं भाग होतं. माझं रडू फुटायच्या बेतात होतं, तरी विचारलं.

"खरं?"

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मी जागची हलले नाही.

"पुढचं खोड," ते म्हणाले. "'तू जा' तेवढं राहू दे."