एल्मीचा पांढरा जबडा

दचकू नका मित्रांनो, मी एक जुना जबडा आहे. हाडाचा नाही, प्लास्टरचा. माझे दात कधी काही चावत नाहीत. ज्या मुलीच्या तोंडावरून मला घडवले ती आज मोठी बाई झाली आहे, पण माझ्यात ती अजून बारा वर्षांचीच आहे. माझा स्वभाव संशयी आहे, हेही सांगून टाकतो. ज्याला हातात घेणारा प्रत्येक जण उलटासुलटा करून फक्त खोट शोधतो, त्याचा स्वभाव दुसरा कसा होणार?

माझा जन्म अमेरिकेत, मिशिगनच्या उत्तर टोकाच्या इश्पेमिंग या खाणीच्या गावी, डॉक्टर पेल्टो यांच्या दवाखान्यातल्या मागच्या खोलीत झाला. पेल्टो वेडेवाकडे दात सरळ करणारे डॉक्टर होते. त्यांनी एल्मी नीमीच्या तोंडात गुलाबी लगद्याने भरलेला साचा दाबून धरला. तिला ओकारीची उबळ आली.

"नाकानं श्वास घे," ते म्हणाले. त्या दिवशी तोवरचे त्यांचे हे सर्वांत लांब वाक्य असावे.

लगदा घट्ट झाल्यावर त्याच्या खळग्यांत पातळ प्लास्टर ओतले. बुडबुडे निघून जावेत म्हणून साचा थरथरत्या पाट्यावर ठेवला. मी आतून गरम झालो आणि मग हळूहळू थंड, कडक झालो. ओल्या चाकावर माझ्या कडा घासल्या, साबणाच्या पाण्यात बुडवून मला चकाकी आणली. माझे दोन तुकडे आहेत, वरचा आणि खालचा. मागच्या सपाट बाजूवर उभे केले की ते दोन्ही एल्मी जशी दात मिटत असे तसेच एकमेकांवर बसतात. मला एवढेच येते, पण ते मी चोख करतो.

माझ्यात एक दात नाही. वरचा डावा सुळा जिथे हवा तिथे नुसती गुळगुळीत हिरडी आहे. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि एल्मीच्या आईला, वर्नाला बोटाने दाखवले. सुळा होता, पण टाळूच्या वर आडवा पडला होता आणि पुढच्या दाताच्या मुळावर रेलत होता.

"थांबलो तर?" वर्नाने विचारले.

"मूळ झिजेल. पुढचा दात जाईल."

"कधीपर्यंत?"

"उन्हाळ्यापर्यंत नको थांबायला. पुढच्या मंगळवारी सुरू करू."

वर्नाने एल्मीकडे पाहिले. एल्मी जिभेने त्या रिकाम्या जागेची चाचपणी करत होती.

"खाणीचा विमा चालेल ना, डॉक्टर?"

"नाव विम्याच्या पुस्तकात आहे," पेल्टो म्हणाले.

वर्नाने पुढे काही विचारले नाही. पेल्टो चर्चमध्ये नीमी कुटुंबाच्या मागच्याच बाकावर बसत. आमच्याकडच्या, फिनलंडहून येऊन वसलेल्या फिन लोकांत माणसाला एकच गोष्ट दोनदा विचारणे म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणणे. जो कमी बोलतो तो खरा, आणि जो फार हसतो त्याला काहीतरी विकायचे असते, असे तिथे लहानपणापासून धरून चालतात. एल्मीचा बाप त्या दिवशी खाणीत कामावर होता. त्याला दाखवायला म्हणून डॉक्टरांनी मला खोक्यात घालून वर्नाच्या हाती दिले.

रेनो नीमी घरी आला तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर होतो.

"हे काय? ताटाशेजारी दात?"

"तुझ्या लेकीचे आहेत."

"नीमींचेच आहेत. माझ्या आईवर गेलीय."

"तुझी आई कवळी लावायची."

"म्हणून तर म्हणतोय."

एल्मी हसली, आणि मग हाताने तोंड झाकले. ती तेव्हा नेहमीच तोंड झाकून हसे.

रेनोने बटाटा भरलेली पेस्टी, म्हणजे तिकडची मोठी भाजलेली करंजी, खाता खाता मला फिरवून पाहिले. त्या घराला खाणीच्या विम्याशिवाय हे काम झेपणारे नव्हते, आणि हे तिघांनाही ठाऊक होते. विमा कंपनीचा नियम असा होता की तिच्या पुस्तकात ज्या डॉक्टरांची नावे आहेत त्यांच्याकडेच मुलांचे दात सरळ करून घ्यायचे. दुसऱ्या कुणाकडे गेलात तर कंपनी एक दमडीही देणार नाही. पेल्टोंकडे जाण्याआधी वर्नाने त्या पुस्तकातली नावे एकामागून एक फोन करून तपासली होती. एका घरी म्हातारीने फोन उचलला. "ते वारले, बाई. तुमचं काही बिल राहिलंय का?" दुसरे डॉक्टर फ्लोरिडाला जाऊन मासे पकडत बसले होते. तिसरा नंबर आता मासेमारीच्या सामानाच्या दुकानाचा होता. तो माणूस म्हणाला, "दात नाहीत आमच्याकडे. गळ आहेत, गांडुळं आहेत. ताजी आहेत."

"पेल्टोंचं नाव पुस्तकात आहे. ते स्वतः म्हणाले," वर्ना म्हणाली.

"पुस्तकात तो मेलेला डॉक्टरपण आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे पुन्हा एकदा विचार."

"मी? पेल्टोंना? रविवारी त्यांच्यासमोर उभी राहून गाणी म्हणायची असतात मला, रेनो."

पेल्टोंना विचारायला नको म्हणून तिने विमा कंपनीला फोन लावला. मी फ्रिजवर होतो. पलीकडच्या बाईचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता, इतका तो मोठा आणि आनंदी होता.

"दात सरळ करणारे डॉक्टर ना? एस्कनाबामध्ये दोघं आहेत, मॅडम. पेल्टो आणि बर्टोलिनी."

"पेल्टो इश्पेमिंगला आहेत. वर्षानुवर्षं."

"कसं लिहायचं ते गाव?"

वर्नाने सांगितले.

"आहे का हो असं गाव?"

वर्नाने फोन ठेवला तो जरा जोरातच. "मिशिगनच्या या टोकाला माणसं राहतात हेच त्या बाईला ठाऊक नाही. ती मला डॉक्टर कुठं बसतात ते सांगणार!" तिला त्या बाईचा संशय आला, पुस्तकाचा आला, कंपनीचा आला. पेल्टोंचा आला नाही. मला आला. त्यांनीच मला घडवले होते, तरी आला. पण माझ्या दातांना बोलता येत नाही.

रेनोला त्या शनिवारी सुट्टी होती आणि एस्कनाबा गाडीने तासा-दीड तासावर होते. "एस्कनाबाला जाऊन येऊ," तो म्हणाला. "पहिल्यांदा नुसतं पाहायचे पैसे घेत नाहीत. त्या दुसऱ्यालाही हा जबडा दाखवू."

"कशाला?"

"उगाच."

डॉक्टर बर्टोलिनी दारापर्यंत पुढे आले. त्यांनी रेनोचा हात हातात घेतला तो सोडेचनात. त्यांचे दात इतके सरळ होते की वर्नाला ते खरे वाटेनात. एका भिंतीवर हसणाऱ्या मुलांचे फोटोच फोटो. एल्मीला त्यांनी फुगा देऊ केला. ती फुग्यांच्या वयाची नव्हती, तरी तिने घेतला.

बर्टोलिनींनी माझे दोन्ही तुकडे एकमेकांवर बसवले, बाजूने पाहिले, खालून पाहिले. "सुंदर काम आहे! कोणी केलं?"

"पेल्टोंनी," वर्ना म्हणाली.

"हात चांगला आहे त्यांचा." वर्नाने आडव्या सुळ्याचे सांगितले तसे त्यांनी एल्मीची टाळू बोटाने चाचपली. "सुळाही आणता येईल खाली." मग ते खुर्ची ओढून वर्नासमोर बसले. "आता एक ऐका, ताई. मी आज काही करणार नाही. तुमच्या विमा कंपनीकडून आधी लेखी होकार मागवतो. मुलीचं नाव, माझं नाव आणि या दवाखान्याचा पत्ता. ते लोक पत्त्यावर अडून बसतात."

"आमच्या डॉक्टरांना कुठलं लेखी लागलं नाही."

"नसेल लागलं. पण दुसऱ्या कुणी हिच्या दातांवर काही चिकटवलं ना, तर मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही. कंपनी म्हणेल, हे काम आधीच सुरू झालेलं होतं, याचे पैसे नाहीत. एकदा सिमेंट वाळलं की संपलं."

हे सगळे ते हसत हसत बोलले. वर्नाच्या मनात नेमके तेच खटकले.

परतीच्या रस्त्यावर मी तिच्या मांडीवर होतो. "धमकी होती ती," ती म्हणाली.

"मला सल्ला वाटला," रेनो म्हणाला.

"गिऱ्हाईक पळवतोय तो. फुगे काय, ताई काय! मी त्याची कधीपासून ताई झाले?"

"मला आवडला तो," मागून एल्मी म्हणाली.

"तुला फुगा मिळाला म्हणून."

मंगळवारी आम्ही पेल्टोंच्या दवाखान्यात होतो. एल्मी खुर्चीत आडवी. मी वर्नाच्या मांडीवर, खोक्याचे झाकण उघडे. डॉक्टरांनी तारा अडकवायचे एक पोलादी कडे घेऊन तिच्या दाढेवर बसते का ते पाहिले, काढले, दुसरे घेतले. खोलीत हत्यारांच्या आवाजाशिवाय काही नव्हते. सिमेंटची पूड काचेवर काढून ठेवली होती. पाणी अजून घातले नव्हते.

वर्ना गप्प बसली असती. आपल्या डॉक्टरांवर संशय घ्यायला ती आलीच नव्हती. तिला त्या हसऱ्या माणसाला खोटे पाडायचे होते.

"डॉक्टर, एस्कनाबाचा तो बर्टोलिनी काय म्हणाला माहितीय? कंपनी म्हणे पत्ता बघते. सांगा बाई त्याला कुणीतरी!" आणि ती हसली.

पेल्टो हसले नाहीत. ते तसे कधीच हसत नसत, म्हणून वर्नाने वाट पाहिली. त्या भागात माणसे उत्तर द्यायला वेळ घेतात आणि कुणाला त्याचे वावगे वाटत नाही. पण ही शांतता वेगळी होती. त्यांच्या हातातले कडे ताटलीत ठेवल्याचा बारीक आवाज आला.

"मी दर गुरुवारी एस्कनाबाला बसायचो," ते म्हणाले.

वर्नाचे हसू थांबले.

"विमा कंपनीशी करार त्या खोलीच्या पत्त्यावर झाला होता. ती खोली मी सोडली."

"आणि इथला करार?"

"केला नाही. डॉक्टर तोच आहे. मला वाटलं, चालेल."

"वाटलं?" वर्ना उभी राहिली. मी खोक्यातल्या खोक्यात एका बाजूला घसरलो. "तुम्ही कुणाला विचारलंत का?"

पेल्टो गप्प राहिले. मित्रांनो, हाच तो माणूस आणि हीच ती शांतता, जिच्यावर वर्नाने आपल्या मुलीचा दात सोपवला होता. त्यांनी काही लपवले नव्हते, असे मला आजही वाटते. त्यांनी नुसते तपासले नव्हते, आणि कुणी दुसऱ्यांदा विचारलेही नव्हते.

"काही चिकटवलंत?" वर्नाने विचारले.

"नाही. माप बघत होतो."

"नक्की?"

एकाच माणसाला, एकाच गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"नक्की," पेल्टो म्हणाले. त्यांनी सिमेंटची पूड ओल्या कापडाने पुसून टाकली, पाकिटातून एल्मीचा एक्स-रे काढला आणि माझ्याशेजारी खोक्यात ठेवला. "घेऊन जा. त्यांना लागेल."

रविवारी वर्ना चर्चमध्ये नेहमीच्याच बाकावर बसली. मागच्या बाकावर पेल्टो होते. दोघांनी गाणी म्हटली. वर्नाने घरी येऊन सांगितले की त्यांचा आवाज आज जरा खाली होता, आणि तिचाही.

पुढे बर्टोलिनींनी मागवलेला लेखी होकार येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. रोज सकाळी एल्मी आरशासमोर पुढचा दात बोटाने हलवून पाही. "हलतोय का गं, आई?" वर्ना पाही आणि म्हणे, "नाही." मग एल्मी शाळेला गेली की वर्ना मला फ्रिजवरून खाली घेऊन माझ्या त्याच दातावर बोट ठेवून उभी राही. माझा दात हलणारच नव्हता. तिला बहुधा तेवढेच हवे होते. बर्टोलिनींचाही संशय तिने सोडला नव्हता. "होकार आला की मग बघू त्याचं हसू," असे म्हणे.

होकार आला. त्यावर बर्टोलिनींच्या दवाखान्याचा पत्ता होता. वर्नाने तो मोठ्याने वाचला आणि मग एल्मीकडून पुन्हा वाचून घेतला.

बर्टोलिनींनी ब्रेसेस लावल्या, टाळूची हिरडी थोडी उघडून आडव्या सुळ्याला केसासारखी बारीक साखळी चिकटवली, आणि तो हळूहळू ओढायला घेतला. मी आता त्यांच्या कपाटात राहत होतो. दर भेटीला ते मला एल्मीच्या तोंडाशेजारी धरत. "बघ, कुठून निघालो होतो आपण!" म्हणजे पुन्हा माझ्यातली खोट. ती सुधारत होती आणि मी तिथेच होतो. थोडे वाईट वाटे, खोटे कशाला बोलू? पुढचा दात मात्र जागेवर घट्ट होता.

एका भेटीत हिरडीतून पांढरे टोक बाहेर आले. बर्टोलिनी ओरडलेच. त्यांनी वर्नाला आत बोलावले. ती आली, वाकली, नीट पाहिले. मग हात धुऊन तिने आपले बोट मुलीच्या तोंडात घातले आणि ते टोक दाबून पाहिले.

"आई, टोचतंय!"

"टोचू दे," वर्ना म्हणाली. "खरा आहे." मग ती बर्टोलिनींकडे वळली आणि त्यांचा हात हातात घेतला. त्या दिवशी तिने तो बराच वेळ सोडला नाही.

पुढे काही वर्षांनी दवाखान्यात असे जबडे करणे बंद झाले. आता तोंडात दिवा फिरवतात आणि पडद्यावर चित्र उमटते. कपाट रिकामे करताना त्यांनी मला एल्मीकडे पाठवून दिले. प्रवासात माझ्या खालच्या दाताचा टवका उडाला. तिच्या घरी मी हिवाळी मोज्यांच्या खणात असतो. क्वचित कुणी मुलगा मला शोधून काढतो, कटकट वाजवतो आणि पुन्हा टाकून देतो.

तुमच्या घरी असा एखादा पांढरा जबडा असेल, तर त्याला फेकू नका मित्रांनो. कापडात गुंडाळून ठेवा, आम्ही पडलो की जुळत नाही. आणि तुमच्या तोंडात कुणी हात घालण्याआधी विचारा. गप्प माणसाला विचारा, हसऱ्यालाही विचारा. उत्तर पटले नाही तर पुन्हा विचारा, कान लाल झाले तरी चालतील. माझ्याकडे नीट पाहा. माझ्यात एल्मीच्या दातांवर अजून कुणीच काही चिकटवलेले नाही. विचारायचे ते तेव्हाच, काही चिकटवण्याआधीच, विचारायचे असते.