तोंड साफ झाल्याशिवाय

थोरल्या बहिणीला आपली एक किडनी द्यायची, हे उपेंद्रने घरच्या सत्यनारायणाला जमलेल्या झाडून साऱ्या नातेवाइकांसमोर, भरल्या गळ्याने जाहीर केलं. त्याच आठवड्यात शैलाताईचे काढलेले दात परत उगवायला लागले.

डायलिसिसवर गेल्यापासून तिच्या हिरड्या भुसभुशीत झाल्या होत्या. तोंडात लोखंडाची चव, जेवणात मन नाही, पाणी मोजून. किडनीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, एकही किडका दात ठेवायचा नाही, नव्या किडनीला त्याचा धोका. तोंड साफ झालं की ऑपरेशनची तारीख.

मिरजेचे दंतवैद्य बेलवलकर सकाळी दाढ उपटत. संध्याकाळी त्याच जागी दुसरी असे, तितकीच किडलेली.

"ताई, ही काल काढली होती ना?"

"काढली होती."

"मग?"

"आली."

बेलवलकरांनी पुन्हा इंजेक्शन भरलं. "तारीख पुढे जाणार."

"अरेरे," सोबत आलेला उपेंद्र म्हणाला. त्याला ते बरं जमलं. बाहेर येऊन त्याने निवांत मिसळ मागवली, आणि पहिल्याच घासाला त्याच्या जिभेला एक मोकळी जागा लागली. रक्त नाही, दुखणं नाही. दाढ तेवढी नव्हती.

पुढे ते ठरूनच गेलं. तारीख पुढे ढकलली जाई, उपेंद्रला हायसं वाटे, त्याचा एक धडधाकट दात जाई आणि ताईच्या तोंडात किडून उगवे. कुणाला न सांगता तो पेज खाऊ लागला. लोकांना वाटलं, बहिणीच्या काळजीने खंगला.

एके दिवशी ताई आरशासमोर बर्फाचा खडा चोखत बसली होती. दिवसभरासाठी तेवढाच.

"उपू, हा पुढचा टवका उडालेला दात तुझा की रे. माझ्या सायकलवरून ओट्यावर पडलास तेव्हाचा."

उपेंद्रने तोंडावर हात धरला.

"मनात नव्हतं तर सांगायचंस तरी. मी नको म्हटलं असतं."

"काहीतरीच काय ताई. माझी तयारी आहे."

'तयारी' म्हणताना त्याच्या तोंडात उरलेली शेवटची दाढ गेली.

दुसऱ्या दिवशी बेलवलकरांनी ती ताईच्या जबड्यातून उपटली. संध्याकाळ झाली. काहीच उगवलं नाही. त्यांनी किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि सोमवारची तारीख मिळाली.

उपेंद्रचं तोंड कोरडं पडलं. "पण डॉक्तर," तो बोबड्या स्वरात म्हणाला, "माझंपन तोंड तपाशायला लागेल ना?"

"लागेल तर. बसा."

तो खुर्चीत बसला. ताईने वाटीतला उरलेला बर्फ त्याच्या हातावर ठेवला. "चोख. घसा ओला होईल."

बेलवलकरांनी त्याच्या तोंडात बॅटरी मारली. किडनी देणाऱ्याचंही तोंड साफ असावं लागतं. त्याचं होतं.