खाऱ्या पाण्याची शिंप

मित्रांनो, मी एक जुनी शिंप आहे. शंख नव्हे, मोत्याचा शिंपला नव्हे, आणि शोभेची वस्तू तर मुळीच नव्हे. माझ्या पाठीला मधोमध भोक आहे. त्या भोकाची कड अजून अशी आहे की कैरीवर ओढली तर साल पातळ निघते आणि माझ्या पोटातून वळून बाहेर पडते. आजकाल मी ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधल्या एका फ्लॅटात, काचेच्या वाडग्यात, विकतच्या रंगीत शिंपल्यांबरोबर पडून असते. परवा त्या घरातली मुलगी मैत्रिणीला सांगत होती, "अगं, ये सब गोवा ट्रिपचं आहे. हे वालं ना, टूटा हुआ है."

तुटलेली म्हणे. बाळे, ते भोक तुटून पडलेलं नाही, घासून पाडलेलं आहे. ते पाडताना एका पोरीच्या बोटांची सालं निघाली होती. तेव्हा आज मी बोलणार आहे, आणि गोड बोलणार नाही.

माझा जन्म कारवारचा. ओहोटी लागली की बायका-पोरी कमरेला टोपल्या लावून ओल्या वाळूत उतरायच्या. तिथेच शरयूने मला उकरून काढलं. परकर खोचलेली, नाकावर वाळू लागलेली सात-आठ वर्षांची पोर. माझ्या आत जो जीव होता त्याचं त्या रात्री कालवण झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तिथली रीतच ती. मी मोठी आणि जाड निघाले म्हणून तिच्या आत्याने, इंदुताईने, मला बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी जांभ्याच्या पायरीवर पाणी शिंपडून शरयू मला पालथी घासत बसली. गोल गोल, गोल गोल. संध्याकाळपर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आत्या, तू पाड ना भोक."

"मी कशाला? घास गो, घास. उद्या सासरी जाशील तेव्हा शिंप तरी स्वतःची असू दे."

मित्रांनो, त्या गावात संध्याकाळ झाली की घरात कोणी राहत नसे. सुरूच्या झाडांतून वारा असा घुमायचा की शेजारच्याने हाक मारली तरी ऐकू यायची नाही. मुंबईची बोट लांब पाण्यात उभी राहायची, आणि उतारू होडीत बसून काठाला यायचे. उतरताना कोणाचं तरी धोतर हमखास भिजायचं. ते बघायला पोरी मुद्दाम पुढे बसायच्या. भाजलेल्या काजूंनी बोटं काळी, वाऱ्याने ओठ खारट. शरयू मला परकराच्या ओच्यात घेऊन फिरायची. तिला वाटायचं, जगात सगळीकडे रस्ता संपला की समुद्रच लागतो.

मग बेळगावच्या कुठल्याशा मावशीने तिचं लग्न जमवलं आणि ती ग्वाल्हेरला आली. बोटीने मुंबई, मुंबईहून पंजाब मेल. मी ट्रंकेत, रुमालात बांधलेली. घर लष्कर नावाच्या भागात, शिंदे की छावनीजवळ. नवरा दिनकरराव दफ्तरात कारकून. सासरे महिपतराव शिंदे सरकारच्या चाकरीतून निवृत्त झालेले, पण पागोटं अजून चाकरीत असल्यासारखं बांधणारे. आणि सासू विजयाबाई. "तशी मनाने वाईट नव्हती" असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात लोणच्याच्या कैऱ्या आल्या. सगळ्या बायका सोलायला बसल्या तेव्हा मला कळलं की इथेही शिंपच लागते, फक्त नदीतली. सीपी म्हणतात तिला. विजयाबाईंची सीपी चंबळेची, पांढरट, पातळ, बोटांत कुरकुरणारी. शरयूने मला काढलं आणि निम्मी टोपली एकटीने सोलून टाकली. विजयाबाई बघत होत्या.

"हात चांगला आहे," त्या म्हणाल्या. हाताचं कौतुक झालं, माझं नाही. तेही पहिलं आणि शेवटचं. कारण शरयू खुलली आणि बोलून गेली, "आमच्याकडे ना, कैरी समुद्राच्या पाण्यात बुडवून..."

"आमच्याकडे म्हणजे कुठे?"

शरयूच्या हातातली कैरी अर्धीच सोललेली राहिली.

"आमच्याकडे म्हणजे हे घर. दुसरं आमच्याकडे आता नाही. आल्यापासून समुद्र-समुद्र काय लावून राहिलीस? इथे नळाला पाणी नाही, ते बघ आधी."

बायका हसल्या. त्या दिवसापासून घरात तिला 'कारवारची बोट' म्हणू लागले. ताट वाढायला उशीर झाला की दिनकरराव म्हणत, "बोट लागली का धक्क्याला?" लोक हसत. शरयूही हसे. मला राग येई तो तिच्या हसण्याचा. आणि मला कैरीवरून उतरवून दुधाच्या पातेल्याची खरवड काढायला लावलं, त्याचाही येई.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. ट्रंक भरली होती, मी पुन्हा रुमालात बांधली गेले होते. तेवढ्यात संस्थान विलीन झालं आणि मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं. मोतीमहालात दफ्तरांची उलथापालथ सुरू झाली, दिनकररावांची रजा रद्द झाली. मधू ग्वाल्हेरलाच जन्मली. "पुढल्या वर्षी नेतो," दिनकरराव म्हणाले.

पुढल्या वर्षीची गंमत ऐका. नव्या राज्याला राजधान्या दोन. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. म्हणजे शाळांना सुटी लागली, शेजारच्या लेकी-सुना माहेरी निघाल्या, की आमचे दिनकरराव दफ्तराच्या पेट्यांमागून इंदूरला. परत येत तेव्हा शाळा सुरू, सण सुरू, सासूचे गुडघे सुरू. बाईचा अख्खा उन्हाळा सरकारने उचलून नेलेला मी तेव्हा पाहिला, आणि एकदा नाही, दर वर्षी.

अशाच एका उन्हाळ्यात तार आली. शरयूचे वडील गेले. नवरा इंदुरात, नेणार कोण? ती चौकात बसून राहिली. विजयाबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं सुतक. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घे आणि चौक्यात स्वयंपाकाला ये. पापड राहिलेत." चौथ्या दिवशी तिने पापड लाटले.

हे लक्षात ठेवा, मित्रांनो, कारण पुढचं त्याशिवाय समजणार नाही.

छप्पन साल आलं. यंदा मात्र ठरलं होतं. दिवाळीच्या सुटीत कारवार. मधू आठ वर्षांची झाली होती. शरयू तिला झोपताना भरती-ओहोटी सांगायची, तीही हळू आवाजात, चोरीचा माल असल्यासारखी. तिला एवढंच हवं होतं. पोरीला एकदा समुद्र दाखवायचा.

आणि त्याच दिवाळीत राज्यांची नवी वाटणी झाली. मध्यभारत संपला, मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. दिनकररावांना हुकूम आला, भोपाळला हजर व्हा. कारवार पुन्हा पुढल्या वर्षावर गेलं.

महिपतरावांनी घरात सांगून टाकलं, यंदा पणत्या लावायच्या नाहीत. राजधानी गेली, दिवाळी कसली? संध्याकाळी त्यांचे जुने स्नेही सूर्याजी आले आणि दोघे ओसरीवर बसले. मी चौक्यात शरयूच्या हातात होते, कढईतला खवा खरवडत. दारातून सगळं ऐकू येत होतं.

"आमच्या वेळचं ग्वाल्हेर," महिपतराव म्हणत होते, "दसऱ्याची स्वारी निघाली की छावनीपासून माणूस उभा. तो वास, ते घोडे. डोळे मिटले की दिसतं हो."

"ते गेलं, महिपतराव."

"माणसाने आपलं गाव विसरायचं तरी कसं? सांगा ना. कसं विसरायचं?" आणि ते रडले. पागोटं काढून मांडीवर ठेवून, मोठ्या माणसाने रडावं तसे. विजयाबाई खांबाला टेकून पदराने डोळे टिपत होत्या. दिनकरराव मान खाली घालून. कोणी म्हणालं नाही, काय लावून राहिलात. कोणी हसलं नाही.

शरयूची मूठ आवळली. माझी कड तिच्या तळव्यात रुतली. ती तशीच उठून ओसरीवर गेली.

"मामंजी, एक विचारायचं होतं."

"काय?"

"वडील गेले तेव्हा मला तीन दिवस मिळाले होते. राजधानीचं सुतक किती दिवस धरायचं? त्या बेताने फराळ करते."

सूर्याजींनी जोडे शोधायला सुरुवात केली.

"सासऱ्याला उलट बोलायचं, ही कारवारची रीत वाटतं?" विजयाबाई म्हणाल्या.

"कारवारची रीत सांगायची मला मनाई आहे, सासूबाई. तुम्हीच केलीत." तिचा आवाज चढला नव्हता. त्यानेच मला भीती वाटली. "तुमची राजधानी गेली. किल्ला गेला का? सकाळी गच्चीवर गेलात की समोर दिसतो. छावनी इथेच, बाड्याचा चौक इथेच, ही ओसरी इथेच. तरी तुम्ही रडता, आणि मी म्हणत नाही की रडू नका. गेली दहा वर्षं मी एकदाही 'आमच्याकडे' म्हटलं नाही. आज तुम्ही तासभर दुसरं काही बोलला नाहीत. तुमचं ते दुःख, आणि माझा तो नखरा?"

दिनकरराव उठले. "भोपाळला एकदा बस्तान बसू दे. पुढल्या वर्षी..."

"तुम्ही भोपाळला जा. भोपाळला चूल मांडायची तर मी लागणार. मी समुद्र बघितल्याशिवाय चूल मांडायची नाही."

"आणि सोबतीला कोण?" विजयाबाई म्हणाल्या.

"मधू आहे."

मग महिपतरावांनी पागोटं उचलून डोक्यावर ठेवलं, वाकडंच. "जाऊ दे तिला," ते कडवटपणे म्हणाले. "इथे राज्यात आपला हुकूम राहिला नाही, घरात कशाला राहील." याला कोणी परवानगी म्हणो, कोणी टोमणा. शरयूने ती परवानगी समजली आणि आत जाऊन ट्रंक काढली.

पोचलो, मित्रांनो. होडीतून उतरताना शरयूचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं आणि तिने ते पिळलं नाही. इंदुताई काठावर उभी होती, पाठीत वाकलेली, तोंडाने तशीच फटकळ.

"काय गो, दहा वर्षांनी वाट सापडली? ये. आता हे मुंबई राज्य नाही, म्हैसूरचं झालं. ह्याच दिवाळीत. कोणी विचारलं नाही आम्हाला. झोपलो एका राज्यात, उठलो दुसऱ्या. अजून जीभ वळत नाही."

म्हणजे एकाच दिवशी शरयूचं माहेर आणि सासर दोन्ही नकाशावर सरकवलेली. तिने मला ओल्या वाळूवर ठेवलं. मला वाटलं होतं, पाणी मला ओळखेल. एक लाट आली, माझ्यातून गेली, परत गेली. मी अंगात मावेल तेवढं खारं पाणी धरलं, पण भोकातून ते सगळं निघून गेलं.

शरयूने मधूला पुढे केलं. दहा वर्षं ज्यासाठी दात आवळून काढली, ते समोर होतं. "बघ," ती म्हणाली.

मधूने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "बस? नुसतं पाणीच आहे की." आणि जरा थांबून, "आमच्याकडे किल्ला आहे."

शरयूचा चेहरा मी खालून पाहिला. तो चेहरा पुन्हा बघायला लागू नये.

इंदुताई मात्र उसळली. "काय म्हणालीस? आमच्याकडे? इथे उभी राहून तिथलं सांगतेस? आता इथे आलीस ना, तर गप बसून इथलं बघ. किल्ला म्हणे."

पोरीचं तोंड उतरलं. ती आईच्या निऱ्यांमागे गेली. शरयूने आधी समुद्राकडे बघितलं, मग आत्याकडे. मी तिच्या तळव्याला लहानपणापासून ओळखते; मला वाटलं, आता ही पोरीवर हात उगारणार. तिला हक्कही होता.

ती वाळूत बसली. मधूला तिने ओढून मांडीवर घेतलं.

"बोलू दे तिला, आत्या," ती म्हणाली. "सांग गं मधू. कसा आहे तुमच्याकडचा किल्ला? आत्याआजीने बघितलेला नाही. सगळं सांग, सावकाश."

मधूने आधी खात्री करून घेतली की कोणी हसत नाही. मग ती सांगू लागली. निळ्या फरशांचे हत्ती, वर चढताना लागणारी धाप, पतंग कुठून उडवायचे ते. इंदुताई तोंड फिरवून बसली होती. थोड्या वेळाने तिने न वळता विचारलं, "आणि एवढ्या वर पाणी कुठून येतं गो?"

तर मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मला पुसा, तेल लावा, कपाटात ठेवा, तिकडे टाका, मला फरक पडत नाही. पण तुमच्या घरात कोणीतरी लांबून आलेलं असेल. आई असेल, काकू असेल, वहिनी असेल, कामाला येणारी बाई असेल. ती कधीतरी 'आमच्याकडे' म्हणून एक वाक्य सुरू करते आणि तुम्ही हसता, किंवा मोबाईल बघता, किंवा म्हणता, हो हो, माहीत आहे. तुम्हाला काही माहीत नाही. तिचं वाक्य अर्धं तोडू नका. हातातलं काम ठेवा, तिच्यासमोर बसा, आणि ती बोलायची थांबली की विचारा, मग पुढे काय.