मालकिणीलाच अडवणारा लॅपटॉप

मित्रांनो, वहीएवढा दिसणारा मी एक जुना लॅपटॉप आहे. माझा प्रोसेसर एआरएम जातीचा, म्हणजे फोनवाल्यांच्या भावकीतला. पोटात पंखा नाही, त्यामुळे मी इतका शांत, की एकदा मांजर माझ्यावर झोपले ते तीन दिवस उठलेच नाही! बरे, दीड दिवस म्हणा.

माझी मालकीण, सगळ्यांची ताई, घरोघरी जाऊन बाळंतपणे करणारी परिचारिका. तिचा आधीचा लॅपटॉप बसमध्ये राहिला आणि बायकांची गुपिते गल्लोगल्ली झाली. तेव्हापासून तिची मान वर होईना. मला घेऊन ती रेडिओ दुरुस्त करणाऱ्या थोरल्या भावाकडे गेली.

"दादा, असं कुलूप लाव, की चोरानं नेला तरी त्याच्या हाती भुसाच लागेल."

दादाने माझ्यावर लिनक्स ही नवी कार्यप्रणाली चढवली आणि सारी डिस्क कूटबद्ध केली. परवलीचे वाक्य दिल्याशिवाय माझ्यातले एक अक्षरही वाचता येईना. दादाची बोटे मात्र केळ्यांएवढी! माझ्या बारक्या कळा एकदम चार-चार दाबल्या जात. म्हणून त्याने सगळे काम बाहेरून जोडलेल्या मोठ्या कीबोर्डवर केले. ताईने नोंदी भरल्या, कागद जाळले. तीन आठवडे ती मला नुसती मिटायची आणि उघडायची. पूर्ण बंद कधी केलेच नाही, म्हणून मीही परवलीचे वाक्य पुन्हा कधी मागितले नाही. जो तो माझे कौतुक करी.

मग एका दुपारी माझी बॅटरी संपली, तीही एका बाईला कळा सुरू झाल्या असताना. मागच्या खेपेला कुठल्याशा इंजेक्शनाने तिचा श्वास कोंडला होता. त्याचे नाव त्या बाईला आठवेना. ते ताईच्या नोंदींत, माझ्यापाशी होते. ताईने वायर लावली. मी परवलीचे वाक्य मागितले. तिने ते टाइप केले, पण मला काही म्हणजे काही कळले नाही!

"दादा, हा ठोंब्या मलाच आत घेत नाही!" फोनवर ती रडकुंडीला आली.

"थांब... मेलो! कुलूप उघडायच्या आधी त्याच्या स्वतःच्या कळा जाग्याच होत नाहीत. त्यांना चालवणारा प्रोग्राम, त्यांचा ड्रायव्हर, त्या पहिल्या पायरीत घालायचा राहिला. माझ्याकडे मोठा कीबोर्ड होता, म्हणून कळलंच नाही. बाहेरचा कीबोर्ड जोड!"

"इथं कुठून आणू? कपाळ तुझं!"

त्या बाईचे सासरे दारातून म्हणाले, "माझा चालेल? वर्तमानपत्रांना तक्रारी लिहून लिहून त्याची निम्मी अक्षरं पुसलीत."

"आणा बाबा, पळा!"

मी उघडलो. नाव सापडले. ताईने ते वाचले आणि हातात तयार धरलेली इंजेक्शनाची बाटली हळूच खाली ठेवली. तीच होती.

तासाभराने बाळ रडले. दादाने दुसऱ्या दिवशी, मान खाली घालून, माझी दुरुस्ती केली.

मित्रांनो, दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेले कुलपातच ठेवा. पण कुलूप लावल्यावर, ज्याला ते रोज उघडायचे आहे त्याच्याच हाताने, एकदा पूर्ण बंद करून उघडून पाहा. चोराला अडवल्याचा अभिमान मला कधीच मिरवता आला नाही. माझ्या माणसाला बाहेर उभे ठेवले, ती दहा मिनिटे मात्र अजून सलतात.