तिन्हीसांजेला जाणारं नेट

"अँटिना दोन हायत का चार, ते मला नगो सांगू. काय झालं तरी बंद पडणार न्हाय असा कुठला, तेवढं सांग," दादासो मगदूम म्हणाले आणि त्यांनी काउंटरवरचा राऊटरचा खोका कानाशी नेऊन हलवला.

"काका, नारळ हाय व्हय तो?" दुकानदार सम्राट हसला.

दादासोंना हसू आलं नाही. शाहूपुरीत गुळाची अडत करण्यात त्यांची हयात गेली होती. रव्यावर, म्हणजे ढेपेवर, नख मारून, कणी जिभेवर ठेवून ते गुळाची जातकुळी सांगत. या राऊटरला मात्र ना वास, ना चव. सकाळपासून राजारामपुरीतली दुकानं पालथी घालूनही त्यांचं मन भरत नव्हतं.

"वापरणार कोण?"

"आमच्या सूनबाई. पुण्याच्या कंपनीचं काम घरात बसून लॅपटॉपवर करत्यात. रोज तिन्हीसांजेला मीटिंग असती, आन् नेमकं तवाच नेट जातंय. साहेब म्हणतोय, आता एकदा जरी गेलं तर पुण्याला हापिसात येऊन बसा."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज उगाच चढला. मुलगा अभिनंदन अपघातात गेला त्याला चार वर्षं झाली होती. बायको त्याच्याही आधी गेली. घरात उरले ते आणि सून रूपाली. माहेरची माणसं हातकणंगल्याहून न्यायला आली तरी ती गेली नव्हती. 'राहा' असं तिला म्हणायचा आपल्याला काय हक्क, म्हणून दादासोंनी तो शब्द कधी उच्चारला नाही. राऊटर तेवढा आणता येत होता.

सम्राटने दोन बँडचा एक काढला. "एकाचा पल्ला लांब, दुसऱ्याचा वेग जादा. मधी भिंत असली तरी आतल्या खोलीत पोचतंय. फक्त कपाटामागं कोंबू नका. उंचावर, मोकळा ठेवा."

जुना राऊटर बाहेरच्या सोप्यात टीव्हीच्या कपाटामागेच होता. दादासोंनी जीभ चावली.

दुपारी नवा राऊटर सोप्यातल्या फळीवर बसला, त्याचा निळा दिवा लागला आणि दादासोंच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. जरा वेळ गेला की रूपालीच्या दाराशी. "चालतंय न्हवं?"

"चालतंय मामा. पळतंय!" सासऱ्यांना ती मामाच म्हणायची.

जैन रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत दोघं जेवली. रूपाली मीटिंगला बसली. दादासोंनी सामायिकासाठी, रोजच्या ध्यानासाठी, आसन अंथरलं आणि रोजच्यासारखं सोप्यातल्या बोर्डाचं मुख्य बटण बंद केलं. ट्यूबचं स्वतःचं बटण मोडून कैक दिवस झाले होते. पावसाळ्यात उजेडावर किडे येतात आणि मरतात. ध्यानाला बसताना आपल्यापायी कुणाचा जीव जाऊ नये, हा त्यांच्या आईपासूनचा शिरस्ता. सोप्यात अंधार झाला. फळीवरचा निळा दिवाही विझला.

दादासो बघतच राहिले.

आतून रूपालीचा आवाज आला, "सॉरी सर, नेट गेलं. फोनवरून येते."

सामायिक मध्येच मोडायचं नसतं. तापाने फणफणले असतानाही त्यांनी ते मोडलं नव्हतं. पण आता मन थाऱ्यावर असेल तर ना! ते उठले, बटण लावलं आणि जवळजवळ धावतच आत गेले. त्यांना मनापासून आनंद झाला होता.

"सूनबाई, काखेत कळसा झाला की! मीच रोज बटण बंद करतोय. आता न्हाय करणार. सांग साहेबाला, नेट जायचं न्हाय म्हणावं!"

रूपालीने फोनचा माइक बंद केला. "मला ठाव हाय, मामा. पहिल्यापासनंच."

"मग बोलली न्हाईस ती?"

"तुमच्या सामायिकात कशाला आडवं यायचं, म्हणून न्हाई बोलले. मग..." तिने फोन पालथा ठेवला. "मला जायचं हाय, मामा. नेटच्या नावावर गेले तर तुमच्या मनाला लागणार न्हाई, असं वाटलं."

"हितं करमत न्हाय?"

"करमतंय की. त्याचंच भ्या वाटतंय. अजून थोडं राहिले तर कुठंच जाणार न्हाई मी."

दादासोंना राग आला. साहेबाचा आला, स्वतःचा आला, तिचा मात्र येईना. जेमतेम तिशी ओलांडलेली पोर. एका म्हाताऱ्याबरोबर दिवसाउजेडी जेवून तिने आणखी किती वर्षं काढायची? तिला आधीच 'जा' म्हणायला हवं होतं. ते त्यांना कधी सुचलं नव्हतं, आणि याचंच जास्त वाईट वाटलं.

ते सोप्यात गेले, राऊटरची पिन उपटली आणि खोका पुढ्यात ओढला.

रूपाली मागोमाग आली. "हे काय, मामा?"

"पुण्यातली खोली कशी असंल, भिंती कशा असतील, काय ठाव? ह्याचा पल्ला लांब हाय. घेऊन जा."

"आवो, पण आत्ताच कशाला?"

"आत्ताच भरू दे. उद्या माझा हात धजायचा न्हाय."

ट्यूबभोवती किडे जमायला लागले होते. दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं. दादासोंच्या हातात वायरचा गुंता झाला होता. रूपाली त्यांच्यासमोर फरशीवर बसली आणि तिने वायरचं दुसरं टोक धरलं.